माळ्यावरच्या स्कॅनरचा दुभाष्या

एक छोटासा प्रयोग करा. घरातल्या माळ्यावर, दिवाणाखालच्या खोक्यात किंवा 'सगळ्या वायरी इथे' अशा त्या एका ड्रॉवरमध्ये हात घाला. एखादा जुना स्कॅनर, वेबकॅम, प्रिंटर नाहीतर टीव्ही ट्यूनर नक्की सापडेल. प्लग लावा. दिवा लागतो, आतली मोटर जराशी घरघरते. म्हणजे यंत्र जिवंत आहे. आता ते नव्या लॅपटॉपला जोडा. लॅपटॉप थोडा वेळ विचार करतो आणि सांगतो, 'अननोन डिव्हाइस'. ओळखत नाही मी याला!

मग आपण कंपनीच्या वेबसाइटवर जातो. तिथला शेवटचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीचा, फार तर विंडोज सेव्हनचा. तोही ३२ बिटचा. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही आणि ६४ बिट विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर आत घेत नाही. विषय संपला. घरचे म्हणतात, 'दे भंगारात.' काच शाबूत, मोटर शाबूत, दिवा शाबूत, तरी वस्तू भंगारात! १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित मोफत सपोर्ट थांबवला. तेव्हापासून अनेक घरांत आणि कॉलेजच्या लॅबमध्ये हाच सीन सुरू आहे. ई-कचऱ्यात भारत जगात तिसऱ्या क्रमांकावर आहे. त्या ढिगात असं न बिघडलेलं सामानही जातं.

पण जगात काही मंडळी अशी आहेत, जी इथे हार मानत नाहीत. ती यंत्र उघडत नाहीत, कंपनीची तिजोरी फोडत नाहीत. ती फक्त कान देऊन ऐकतात. ऐकण्यासाठी त्यांच्याकडे एक भारी युक्ती आहे, ती म्हणजे व्हर्च्युअल मशीन. आज तीच समजून घेऊ. कारण ती जमायला हजारो रुपयांची साधनं लागत नाहीत. एक बरा लॅपटॉप आणि भरपूर चिकाटी एवढं पुरतं.

ड्रायव्हर म्हणजे नेमकं कोण?

स्कॅनरला मराठी येत नाही, इंग्रजी येत नाही आणि विंडोजची भाषाही येत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. अमुक आकडा आला की दिवा लावायचा, तमुक आकडा आला की मोटर दोन पावलं सरकवायची. या आकड्यांचा शब्दकोश कंपनीकडे असतो आणि बहुतेक वेळा ती तो कोणालाच दाखवत नाही. आपल्याला मिळतो तो एक दुभाष्या. तोच ड्रायव्हर. तुम्ही 'स्कॅन' बटण दाबता, ऑपरेटिंग सिस्टीम दुभाष्याला सांगते आणि दुभाष्या यंत्राच्या कानात आकडे पुटपुटतो.

खरी गोची इथे आहे. दुभाष्या आपल्या पगारावर नाही, कंपनीच्या पगारावर आहे. कंपनीने त्याला निवृत्त केलं की यंत्र मुकं होतं. वस्तूचे पैसे आपण मोजले, पण तिच्याशी बोलायची भाषा आपल्याला मिळालीच नाही.

मग भाषा शिकायची कशी? आजीच्या गावाला गेलेलं लहान पोर शिकतं तशी. शब्दकोश कोणी देत नाही. पण 'पाणी दे' म्हटलं की तांब्या येतो, हे ते रोज पाहतं. दहा वेळा पाहिलं की कळतं, पाणी म्हणजे काय. रिव्हर्स इंजिनिअरिंग हे भारदस्त नाव आहे, काम मात्र हेच. कुठल्या शब्दानंतर काय घडतं, ते पाहायचं आणि लिहून ठेवायचं.

त्यासाठी दुभाष्या आणि यंत्र यांचं बोलणं ऐकू यायला हवं. ते बोलतात संगणकाच्या पार आतल्या थरात, जिथे सहसा आपल्याला प्रवेश नसतो. व्हर्च्युअल मशीन नेमकं हेच दार उघडतं.

दाराशी तुम्ही बसा

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. बाहेर लिनक्स, त्याच्या एका खिडकीत अख्खं विंडोज. कल्पना आजची नाही. आयबीएमने १९७२ मध्येच व्हीएम/३७० नावाची सिस्टीम आणली होती. तेव्हा संगणक खोलीएवढे आणि प्रचंड महाग. एकाच यंत्रावर अनेकांना 'हे माझं स्वतःचं यंत्र आहे' असं वाटावं, हा हेतू. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी या तंत्राचे नियम एका शोधनिबंधात मांडले. पुढे २००५-०६ च्या सुमारास इंटेल आणि एएमडीने आपल्या प्रोसेसरमध्येच त्याची सोय केली आणि घरच्या पीसीवरही व्हर्च्युअल मशीन झपाझप पळू लागलं.

आपल्या कामाचा नियम एकच. आतल्या पाहुण्या सिस्टीमला खऱ्या हार्डवेअरला थेट हात लावू द्यायचा की नाही, हे बाहेरची सिस्टीम ठरवते. पाहुण्याने हात पुढे केला की प्रोसेसर त्याला क्षणभर थांबवतो आणि बाहेरच्या व्यवस्थापकाला विचारतो, 'हा असं असं मागतोय, काय करू?' या व्यवस्थापकाला हायपरव्हायजर म्हणतात. त्याने मागणी पुरी केली की पाहुणा पुढे चालू लागतो. मध्ये थांबलो होतो, हे सहसा त्याच्या लक्षातही येत नाही.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. एक खोली आहे. आत कंपनीचा दुभाष्या बसलाय. त्याला वाटतंय की आपण नेहमीच्याच विंडोजमध्ये आहोत. यंत्र आहे खोलीबाहेर. खोलीला दार एकच आणि त्या दाराशी बसलाय तुम्ही. आतून आलेली प्रत्येक चिठ्ठी तुमच्या हातातून यंत्राकडे जाते आणि यंत्राचं उत्तरही तुमच्याच हातातून परत येतं. चिठ्ठी अडवायची नाही, बदलायची नाही. फक्त वहीत उतरवून घ्यायची आणि पुढे द्यायची. बस्स!

चला, करून बघू

सगळ्यात सोपा प्रकार यूएसबीचा. समजा, तुमच्याकडे रंगीत दिव्यांचा गेमिंग कीबोर्ड आहे. टायपिंग सगळीकडे होतं, पण दिव्यांचे रंग बदलायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी आहे. तुम्ही वापरता लिनक्स.

लॅपटॉपवर लिनक्स असू द्या. त्यात व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूईएमयू वापरून विंडोज बसवा. मग त्या व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये सांगा, की हा कीबोर्ड आतल्या विंडोजकडे सोपव. याला पासथ्रू म्हणतात. (दुसरा एक साधा कीबोर्ड हाताशी ठेवा, नाहीतर पहिला आत गेल्यावर बाहेर टाइप कशाने करणार?) आता लिनक्समध्ये यूएसबीमॉन हे कर्नलमधलं साधन चालू करा आणि वायरशार्क नावाचं मोफत सॉफ्टवेअर उघडा. यूएसबीच्या तारेवरून जाणारी प्रत्येक चिठ्ठी आता वेळेसकट स्क्रीनवर उतरू लागेल. एक सावधगिरी बाळगा. त्यात तुम्ही दाबलेली बटणंही येतात, तेव्हा हे चालू असताना त्या कीबोर्डवर पासवर्ड टाइप करू नका.

आता आतल्या विंडोजमध्ये कंपनीचं सॉफ्टवेअर उघडा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. हा या खेळातला सर्वांत मोठा नियम. रंग लाल करा. समजा, वायरशार्कमध्ये हे आकडे दिसले:

७, १, २५५, ०, ०, ७

हिरवा करा:

७, १, ०, २५५, ०, ७

निळा करा:

७, १, ०, ०, २५५, ७

पाहिलंत? मधले तीन आकडे म्हणजे लाल, हिरवा, निळा. प्रत्येकाची मजल ० ते २५५. पहिले दोन कदाचित 'रंग बदल' हा हुकूम असेल. आणि शेवटचा ७? तो तर दर वेळी तोच. मग तोही ठरलेला असणार. सोडवलं कोडं!

थांबा. आता लाल अर्धाच करून पाहा:

७, १, १२८, ०, ०, १३६

शेवटचा ७ गेला, १३६ आला. का? आधीचे आकडे मिळवा. ७ अधिक १ अधिक १२८, बरोबर १३६. म्हणजे शेवटचा आकडा बेरजेचा आहे. वाटेत काही चुकलं का, हे तपासण्यासाठी असा आकडा जोडतात, त्याला चेकसम म्हणतात. मग पूर्ण लाल असताना ७ कसे? ७, १ आणि २५५ यांची बेरीज २६३. पण एका बाइटमध्ये २५५ च्या वर आकडा मावत नाही. २६३ मधून २५६ वजा केले की उरतात ७. पहिले तीनही रंग पूर्ण तेजाचे होते, म्हणून तिन्ही वेळा बेरीज तीच आली आणि आपण फसलो.

आता खरी परीक्षा. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा दोन्ही पूर्ण. चिठ्ठी न बघता आधी कागदावर लिहा: ७, १, २५५, २५५, ०. बेरीज ५१८. त्यातून २५६ दोनदा वजा, उरले ६. आता सॉफ्टवेअरमध्ये पिवळा करा आणि वायरशार्क पाहा. शेवटी ६ दिसला, तर समजा, की ही भाषा तुम्हाला यायला लागली. विज्ञानाच्या पुस्तकात निरीक्षण, अनुमान, पडताळा असं जे लिहिलेलं असतं ना, ते हेच.

शेवटचं पाऊल. पायथॉन आणि पाययूएसबी नावाची लायब्ररी घ्या. हेच सहा आकडे लिनक्समधून थेट कीबोर्डला पाठवा. दिवा पिवळा झाला, की खोलीतल्या दुभाष्याला सुट्टी द्या. आता तुम्ही स्वतः बोलताय! हे उदाहरण समजण्यासाठी घेतलंय. प्रत्येक यंत्राचे आकडे वेगळे, चेकसमचे प्रकारही वेगळे. पद्धत मात्र हीच. ओपनआरजीबी नावाच्या मुक्त प्रकल्पात जगभरच्या हौशी मंडळींनी असंच ऐकून ऐकून कितीतरी कंपन्यांच्या दिव्यांची भाषा गोळा केली आहे.

पीसीच्या पोटातली कुजबुज

यूएसबीचं बोलणं तारेवरून जातं, म्हणून ते ऐकणं सोपं. ग्राफिक्स कार्ड किंवा वायफाय कार्ड यांची गोष्ट वेगळी. ती मदरबोर्डवरच बसतात आणि त्यांच्याशी बोलायचं म्हणजे मेमरीच्या ठरावीक पत्त्यांवर आकडे लिहायचे किंवा वाचायचे. तिथे कुठली तार आणि कुठली चिठ्ठी?

एनव्हिडियाच्या कार्डांसाठी मुक्त ड्रायव्हर बनवणाऱ्या नुव्हो प्रकल्पाने यावर एक युक्ती वापरली. ते मेमरीचे पत्ते 'गैरहजर' आहेत असं मुद्दाम जाहीर करायचं. कंपनीच्या ड्रायव्हरने तिथे हात घातला की प्रोसेसर ठेचकाळतो आणि कर्नलकडे तक्रार करतो. कर्नल काय लिहायचं होतं ते नोंदवतो, ते काम करू देतो आणि पत्ता पुन्हा 'गैरहजर' करतो. एमएमआयओट्रेस नावाचं हे साधन २००८ मध्ये लिनक्स कर्नलमध्येच दाखल झालं. पण ते चालतं फक्त लिनक्सच्या ड्रायव्हरवर. ज्या कार्डाचा ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी आहे, त्याचं काय?

पुन्हा व्हर्च्युअल मशीन! लिनक्समधल्या व्हीएफआयओ या सोयीने अख्खं कार्ड आतल्या विंडोजच्या हवाली करता येतं. एरवी वेगासाठी कार्डाची मेमरी पाहुण्याला थेट जोडून देतात. शिकायचं असेल तेव्हा ती थेट जोडणी बंद ठेवायची. मग प्रत्येक वाचन आणि प्रत्येक लेखन क्यूईएमयूच्या हातातून जातं आणि नोंदवहीत उतरतं. सगळं कमालीचं हळू होतं, पण आपल्याला गेम कुठे खेळायचाय?

अर्थात, दुभाषेही हुशार असतात. आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत, हे काही ड्रायव्हर ओळखतात आणि कामच नाकारतात. एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डांचा ड्रायव्हर बरीच वर्षं असा 'एरर ४३' देऊन बसून राहायचा. २०२१ मध्ये कंपनीनेच ती आडकाठी काढली. तोवर लोकांनी दुभाष्याला 'ही खरीच खोली आहे' असं पटवण्याच्या क्लृप्त्या शोधल्या होत्या.

अ‍ॅपलच्या खालून ऐकणारा

या युक्तीचा आजवरचा सगळ्यात भन्नाट वापर पाहायचा असेल, तर हेक्टर मार्टिन हे नाव लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी किनेक्ट कॅमेरा आणला. पीसीवर तो चालवणारा मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्याला एडाफ्रूट या अमेरिकी कंपनीने १ हजार डॉलरचं बक्षीस लावलं. ते वाढत ३ हजारांवर गेलं. १० नोव्हेंबरला किनेक्ट युरोपात विक्रीला आला. स्पेनच्या मार्टिनने तो त्याच दिवशी विकत घेतला आणि काही तासांत चालवूनही दाखवला. त्याच्याकडे एक्सबॉक्स नव्हताच! यूएसबीवरच्या संभाषणाच्या नोंदी एडाफ्रूटने जाहीर केल्या होत्या, त्या वाचून त्याने भाषा ओळखली. तेव्हा दोन्ही कॅमेऱ्यांच्या चित्रांची भाषा उलगडली. पुढे तो कॅमेरा रोबोटिक्सच्या प्रयोगशाळांत आणि कलाकारांच्या स्टुडिओत जाऊन पोहोचला.

दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने स्वतःच्या एम१ चिपचे मॅक बाजारात आणले. चिप जबरदस्त, पण तिची आतली माहितीपत्रकं बंद. या मॅकवर दुसरी सिस्टीम बसवायला अ‍ॅपलची मनाई नाही, मात्र मदतही नाही. म्हणजे अ‍ॅपलने एक दिवस या यंत्रांचे अपडेट थांबवले, की लाखाचा लॅपटॉप आपल्या त्या स्कॅनरच्याच वाटेने जाणार. मार्टिनने लोकवर्गणी काढून असाही लिनक्स हा प्रकल्प सुरू केला. असाही म्हणजे जपानीत उगवता सूर्य. मॅकिंटॉश जातीच्या सफरचंदालाही जपानमध्ये हेच नाव आहे. गंमत कळली ना?

या गटाने एम१एन१ नावाचा एक छोटा हायपरव्हायजर लिहिला. नेहमीचं व्हर्च्युअल मशीन मॅकओएसच्या वर चालतं. हा उलटा. मॅक सुरू झाला की आधी हा उठतो आणि मग अख्ख्या मॅकओएसलाच पाहुणा म्हणून आत घेतो. मॅकओएसला वाटतं, आपणच घरमालक. ते नेहमीसारखं डिस्प्ले, कीबोर्ड, ग्राफिक्स यांच्याशी खऱ्याखुऱ्या चिपवर बोलत राहतं. त्यातला हवा तो संवाद एम१एन१ पकडतो आणि यूएसबीच्या वायरीवरून शेजारच्या दुसऱ्या संगणकाकडे पाठवतो. तिथे पायथॉनमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम त्याचा अर्थ लावतात.

हा मार्ग निवडण्यामागे आणखी एक विचार होता. अ‍ॅपलचा कोड उलगडून वाचायचा आणि त्याची नक्कल करायची, हे शक्य तितकं टाळायचं. दुभाष्याची डायरी चोरायची नाही, फक्त दाराशी बसून बोलणं ऐकायचं.

या नोंदींतून काय काय निघालं, पाहा. ग्राफिक्स चिपवर तर स्वतःचं फर्मवेअर चालवणारा वेगळा प्रोसेसरच निघाला. असाही लीना या नावाने काम करणाऱ्या प्रोग्रॅमरने त्याच्या मेमरीतल्या रचना याच हायपरव्हायजरने ओळखल्या. पहिला ड्रायव्हर तर मॅकवर चालतच नव्हता. तो पायथॉनमध्ये दुसऱ्या संगणकावर बसून यूएसबीवरून मॅकच्या ग्राफिक्सला हुकूम सोडत होता! तो नीट जमल्यावर मग कर्नलमधला ड्रायव्हर रस्ट भाषेत लिहिला गेला. ग्राफिक्सचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे गेम आणि अ‍ॅपच्या सूचना चिपच्या भाषेत बदलणारा, अलिसा रोझेनझ्वाइगने उभा केला. ती तेव्हा टोरोंटो विद्यापीठात शिकत होती. तुमच्याच वयाची! मार्च २०२२ मध्ये पहिली चाचणी आवृत्ती आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये या मुक्त ड्रायव्हरला ओपनजीएल ४.६ चं अधिकृत मानांकन मिळालं. अ‍ॅपलचा स्वतःचा ओपनजीएल ४.१ वरच थांबला आहे. ऐकून ऐकून शिकलेले विद्यार्थी गुरुजींच्या पुढे गेले!

नोंदवही सगळं सांगत नाही

इथवर वाचून हे सगळं सोपं वाटत असेल, तर थोडं खाली उतरू. कीबोर्डच्या सहा आकड्यांच्या जागी स्कॅनरच्या एका पानामागे लाखो बाइट धावतात. त्यात महत्त्वाचे कुठले आणि गाळ कुठला, हे ठरवण्यात आठवडे जातात. काही यंत्रं बोलणं कूटबद्ध करतात. मग चिठ्ठी हातात येते, पण वाचता येत नाही. काहींना सुरू होताना फर्मवेअर भरवावं लागतं आणि ते कंपनीच्या मालकीचं असतं. ते वाटता येत नाही.

सगळ्यात मोठा मुद्दा म्हणजे दुभाष्या जे बोलत नाही, ते नोंदीत येत नाही. मॅकबुकच्या स्पीकरचंच घ्या. आवाज कसा काढायचा, हे नोंदीतून कळलं. पण आवाज किती वेळ, किती मोठा ठेवला की स्पीकरची कॉइल तापून जळेल, याची काळजी सॉफ्टवेअर आतल्या आत हिशेब करून घेत होतं. आंधळेपणाने पूर्ण आवाज सोडला असता, तर लोकांचे महागडे स्पीकर जळाले असते. म्हणून असाहीच्या गटाने स्पीकर बरेच महिने बंद ठेवले. तापमानाचा अंदाज घेऊन आवाज आवरणारा स्वतंत्र प्रोग्रॅम लिहिला आणि मगच ते सुरू केले. 'चालतंय ना, मग द्या लोकांना' हा मोह आवरणं, हेही कौशल्यच.

आणि माणसं थकतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्टिन प्रकल्पाच्या नेतृत्वावरून पायउतार झाला. आपण थकून गेलो आहोत, हे त्याने उघडपणे लिहिलं. काम थांबलं नाही, उरलेल्या गटाने ते एकत्र पुढे नेलं. पण फुकट मिळणाऱ्या ड्रायव्हरमागे कोणाच्या तरी रात्री खर्च झालेल्या असतात, हे आपण वापरणाऱ्यांनी विसरू नये.

हे कायद्यात बसतं का?

हा प्रश्न तुमच्याआधी घरचे विचारतील, तेव्हा उत्तर तयार ठेवा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कोणत्या गोष्टी उल्लंघन ठरत नाहीत, ते सांगतं. त्यात संगणक प्रोग्रॅमबद्दल दोन महत्त्वाच्या तरतुदी आहेत. प्रोग्रॅमची प्रत तुमच्याकडे कायदेशीरपणे असेल, तर तो कसा चालतो याचं निरीक्षण आणि अभ्यास त्यामागची तत्त्वं समजून घेण्यासाठी करता येतो. तसंच, स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती मिळवता येते. अट अशी, की ती माहिती एरवी सहज उपलब्ध नसावी.

याचा अर्थ मोकाट सुटा असा नाही. कंपनीचा कोड उचलून आपल्या नावावर खपवणं, चित्रपट किंवा गेमचं कॉपी-संरक्षण फोडणं, दुसऱ्याच्या यंत्रात किंवा नेटवर्कमध्ये डोकावणं, हे यात बसत नाही. सॉफ्टवेअरच्या करारातल्या अटीही वाचा. साधा नियम लक्षात ठेवा: यंत्र आपलं, सॉफ्टवेअर रीतसर घेतलेलं आणि हेतू ते यंत्र चालवण्याचा. शंका असेल तर जाणकाराला विचारा.

सुरुवात कुठून?

पहिलं काम म्हणजे कोणी आधीच शिकून ठेवलंय का, ते पाहणं. तो मुका स्कॅनर लिनक्सला जोडा आणि एलएसयूएसबी ही आज्ञा द्या. यंत्राचे दोन ओळख क्रमांक मिळतील, एक कंपनीचा आणि एक मॉडेलचा. स्कॅनर असेल तर ते सेन नावाच्या मुक्त प्रकल्पाच्या यादीत शोधा. विंडोजने नाकारलेले कितीतरी जुने स्कॅनर तिथे सुखाने नांदताहेत. फ्रान्समधल्या मिशेल झार या डॉक्टरने तर पेशंट तपासून उरलेल्या वेळात दोनशेहून अधिक वेबकॅमसाठी लिनक्सचे ड्रायव्हर लिहिले होते. तुमचा वेबकॅम त्यात असेलही!

यादीत नाव नाही? मग दुसरा रस्ता. घरात जुन्या विंडोजची रीतसर सीडी किंवा लायसन्स असेल, तर ते व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवा आणि स्कॅनर पासथ्रूने आत द्या. जुना दुभाष्या, जुनी खोली, काम सुरू. मात्र त्या जुन्या विंडोजला इंटरनेट देऊ नका. त्याला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत.

आणि तो आत काम करत असताना तुम्ही दाराशी बसलेलेच आहात, तर वही उघडायला काय हरकत आहे? सुरुवात दिवा, बटण, बीप अशा साध्या गोष्टींनी करा. एकट्याने कंटाळा येईल, तेव्हा कॉलेजातल्या दोघा-तिघांना ओढा. प्रत्येक नोंदीला तारीख टाका, कुठलं बटण दाबल्यावर काय दिसलं ते लिहा. अर्धवट जमलं तरी ते मुक्त प्रकल्पांकडे पाठवा. तुमच्या चार ओळींवरून दुसऱ्या कुठल्या गावातला कोणी पुढचं वाक्य पूर्ण करेल.

इंटर्नशिपच्या मुलाखतीत 'प्रोजेक्ट काय केलात?' असं विचारतात ना? त्यावर 'कंपनीने सोडून दिलेलं यंत्र बोलतं केलं' हे उत्तर कुठल्याही कॉपी-पेस्ट केलेल्या प्रोजेक्टपेक्षा भारी आहे. पण ते जाऊ द्या. तो दिवा तुम्ही पाठवलेल्या आकड्याने पहिल्यांदा लागतो ना, तेव्हा जे वाटतं, ते मुलाखतीत सांगताही येत नाही.

तर मग, भंगारवाल्याची हाक यायच्या आत स्टूल घ्या आणि माळ्यावर चढा. स्कॅनर वाट बघतोय.